बंद पडण्याचं कारण

हत्तीची सोंड अर्धी काढून झाली होती आणि कॉम्प्युटर बंद पडला. ना आवाज, ना सूचना, ना काही. दाक्षायणीचा हात माऊसवर तसाच राहिला. समोरच्या काळ्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं, चष्म्यासकट, घामाने कपाळाला चिकटलेल्या केसांसकट, आणि त्या तोंडाचा तिला इतका राग आला की तिने मान फिरवली. वर पंखा फिरत होता. खिडकीत कूलर धडधडत होता. समोरच्या गच्चीवर कुणीतरी टाकीत पाणी चढवत होतं, त्या मोटारीचा आवाज येत होता. म्हणजे अख्ख्या बाळीवेशीत वीज जागच्या जागी होती आणि हिच्या टेबलाखालच्या खोक्यालाच तेवढं मरण आलं होतं. हेही आता नवीन नव्हतं. काम नसताना दुपारभर चालू ठेवा, मेला एकदाही बंद पडायचा नाही. हात चालायला लागला, रेघ मनासारखी पडायला लागली, की याने डोळे मिटलेच. तिने बटण दाबलं नाही. लगेच दाबलं तर तो एकदा कण्हतो आणि पुन्हा मान टाकतो, हे तिला पाठ झालं होतं. थोडा वेळ थांबायला लागायचं. कशासाठी थांबायचं ते कुणाला सांगता आलं नव्हतं, पण थांबलं की तो चालू व्हायचा, एवढं खरं. आणि त्या थांबण्यातच तिचा जीव अर्धा व्हायचा.

सगळे उपाय करून झाले होते. पहिल्यांदा सगळ्यांनी विजेवर खापर फोडलं. दाब कमीजास्त होत असेल म्हणून नवीन प्लग आला, मग बॅटरीचं खोकं आलं, ते खोकं रात्रंदिवस टीं टीं करायचं आणि कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडायचाच. मग दुरुस्तीवाला आला. त्याने आतली एक पट्टी काढली, खोडरबराने घासली, परत बसवली, आणि दोन दिवस दुकानात ठेवतो म्हणून उचलून घेऊन गेला. तिथे तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. एकदाही बंद पडला नाही. झाकण उघडं टाकून टेबलावर ठेवला होता, गाणी लावली होती, आणि मेला खुशाल गात होता. घरी आणला, झाकण लावलं, टेबलाखाली सरकवला, दाक्षायणी समोर बसली आणि खेळ खलास. दुरुस्तीवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला ते पाहणं अजून विसरता येत नव्हतं. "मॅडम, मशीन ओके आहे," तो म्हणाला होता. पुढचं त्याने बोलायचं सोडून दिलं आणि ते बसवराजने पूर्ण केलं. बसवराज, तिचा नवरा, खाली पूजेच्या सामानाचं दुकान चालवणारा, कॉम्प्युटरला आयुष्यात एकदाही हात न लावलेला माणूस. "तुझा हातच जड आहे," तो हसत म्हणाला होता. पुण्याहून मुलगी ऋतुजा फोनवर म्हणाली, "आई, तू काहीतरी प्रेस करत असशील, तुला कळत नसेल." तुला कळत नसेल! या पोरीच्या शाळेच्या फीपासून तिच्या लग्नातल्या इरकली साडीपर्यंत सगळं ज्या खोक्यातून निघालं, त्या खोक्याला काय झालंय ते आईला कळत नसेल. "आणि सेव्ह करत जा गं मधून मधून." सेव्ह! सेव्ह करायला घेतलं की तो जास्तच धापा टाकायचा. एकदा सेव्ह करताना मेला आणि पाचसहा दिवसांचं काम घेऊन मेला. पण हे सांगायचं कुणाला, आणि कितीदा.  

चादरीची नक्षी काढणं हे तिच्या घरातलंच काम. तिचे वडील निंगप्पा चौकटीच्या कागदावर नक्षी काढायचे, एक चौकट म्हणजे मागावर एका धाग्याची उचल, आणि रंगाचा ब्रश चौकटीबाहेर गेला की उभा कागद फाडून टाकायचे. हिच्या भावांनी ते शिकावं असं त्यांना फार वाटायचं. भाऊ शिकले नाहीत. ही शिकली, दाराआडून बघून बघून, आणि वडिलांनी तिला एकदाही शाबासकी दिली नाही, फक्त एके दिवशी अवघड कोपरा तिच्यापुढे सरकवला आणि ते जेवायला उठून गेले. लग्नानंतर कागद गेला, कॉम्प्युटर आला. ज्या कंपनीने ते नक्षीचं सॉफ्टवेअर केलं ती कंपनी कधीच बुडाली, त्यामुळे ते चालतं ते फक्त याच एका खोक्यावर, पाठीमागे खोचलेल्या, कंपनीनेच दिलेल्या पेन ड्राइव्हसारख्या किल्लीच्या जोरावर. दुसरा घे, नवीन घे, असं म्हणणाऱ्यांना हे पटतच नाही. नवीन घेऊन त्यावर काय, भजी तळायची? एकेक कारखाना बंद पडत गेला, कुणी टॉवेल सोडले, कुणी मागच विकले, आणि आता दाक्षायणीच्या नक्षीचा एकच धनी उरला होता, साखरपेठेतला मल्लेशमशेठ. त्याचा सकाळीच फोन आला होता. "वैनी, हत्तीचं डिझाईन आज संध्याकाळला पाहिजे बगा. न्हाई जमलं तर आत्ताच सांगा. इचलकरंजीचा एकजण हाय, लॅपटॉपवर करून देतो म्हणतोय. पण मग पुढचं सगळं त्याच्याकडंच जाईल की. राग मानू नका." राग मानू नका, म्हणे. त्याचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. हा हत्ती आज वेळेत गेला नाही तर उद्यापासून ती चौकट नाही, धागा नाही, काही नाही. मग ती कोण? बाळीवेशीतल्या पूजेच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारी, जेवणानंतर डोळा लागणारी, कुणीतरी एक बाई. बसवराजला या खोलीत मालाची पोती ठेवायची होती. त्याने ते दोनदा बोलून दाखवलं होतं आणि दोन्ही वेळा ती जेवणाच्या ताटावरून उठली होती.

असा बंद पडला की ती खोलीत बसू शकत नसे. बसलं तर काहीतरी फुटेल असं वाटायचं. ती दार ढकलून बाहेर यायची, तडक स्वयंपाकघरात जायची आणि भांडी आपटायला लागायची. तिथे कोपऱ्यात तिची सासू काशम्मा बसलेली असायची, कधी शेंगा फोडत, कधी लसूण सोलत. दुधनीकडची म्हातारी. लग्न होऊन सोलापुरात आली त्याला जन्म उलटून गेला तरी रागात आणि देवापुढे कानडीच बोलायची. "येनातु?" ती विचारायची. काय झालं. आणि दाक्षायणी सुरू व्हायची. कॉम्प्युटरला शिव्या, दुरुस्तीवाल्याला शिव्या, मल्लेशमला, इचलकरंजीला. बोलता बोलता गाडी कुठल्या कुठे जायची. वडील जेवायला उठून गेले ते. भावांनी तिचे ब्रश पोरांना खेळायला दिले ते. बाळंतपणात बसवराज बघायला आला आणि आल्या पावली दुकानाच्या किल्ल्या विचारून गेला ते. ज्या गोष्टी तिने स्वतःशीही कधी उघड्या केल्या नव्हत्या त्या भांड्यांच्या आदळआपटीत बाहेर पडायच्या. म्हातारी मान वर न करता म्हणायची, "मग?" मग पुन्हा शेंग फुटल्याचा आवाज. मग पुन्हा, "मग?" या महिन्या-दोन महिन्यांत दाक्षायणी सासूपुढे जेवढं बोलली तेवढं त्याआधीच्या सगळ्या वर्षांत बोलली नसेल. पण ती सासूशी बोलत होती असं नाही. तिच्या दृष्टीने ती भिंतीशी बोलत होती, आणि भिंत शेंगा फोडत होती.

आज ती बाहेर गेली नाही. आज वेळच नव्हता. तिने पदर खोचला, गार पाण्याचा फडका मानेवर ठेवला आणि तशीच बसून राहिली. खिडकीच्या गजांतून उन्हाची धग आत येत होती. बसवराज दुपारचं दुकान बंद करून वर आला, जेवला, बाहेरच्या सोफ्यावर आडवा झाला, त्याच्या घोरण्याचा पहिला सूर लागला. तेव्हा तिने बटण दाबलं. चालू झाला. हत्ती समोर आला, सोंडेविना, मागच्या वेळी जिथे सेव्ह झाला होता तिथलाच. ती पुन्हा सोंडेच्या मुळापासून निघाली. एकेक चौकट, एकेक धागा. वळण सुंदर यायला लागलं. पहिल्यापेक्षा सुंदर. तिचा श्वास मंद झाला, राग कुठेतरी बाजूला उभा राहिला, आणि नाकाला तो ओळखीचा वास आला, देव्हाऱ्यातला, तापलेल्या राखेचा. कॉम्प्युटर तापला की हा वास यायचा. तिला वाटायचं, बाहेरून येतो. सोंडेचं टोक वळलं आणि पडदा काळा झाला.

मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खुर्चीवरून खाली उतरली, टेबलाखाली वाकली आणि त्या खोक्याच्या कुशीत तिने फाडकन एक ठेवून दिली. जशी हट्टी पोराला द्यावी तशी. मग आणखी एक. तळहात झणझणला. तिने तो डोळ्यांसमोर धरला. हात पांढरा झाला होता.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग खोक्याकडे. खोक्याच्या कुशीला जिथे हवा आत घेणारी बारीक भोकांची जाळी होती, बरोबर त्या जाळीवर विभूतीचे तीन आडवे पट्टे होते. जाड, थरावर थर चढलेले, कडेने पोपडे सुटलेले. हे पट्टे तिला दिसत नव्हते असं कसं म्हणायचं? रोज दिसत होते. या घरात विभूती कशावर नव्हती? फ्रिजवर होती, मिक्सरवर होती, विजेच्या मीटरवर, स्कूटरच्या तोंडावर, पिठाच्या डब्यावर होती. काशम्मा आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा आटोपली की ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवून घरभर फिरायची आणि जे जे चालतं, जे जे घराला लागतं, त्याच्या कपाळावर ती ओढायची. डोळे असे सवयीचे झाले होते की त्या पट्ट्यांशिवाय वस्तू उघडी वाटली असती. दाक्षायणीने पेचकस आणला. झाकण निघालं. आतल्या पंख्याला पांढरी दाढी आली होती. पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांच्या फटीत राख बसून, दमट होऊन, वाळून, सिमेंट झाली होती. हवा जायला सुईएवढी वाट नव्हती. दुरुस्तीवाल्याने ही नेहमीची धूळ समजून सोडून दिली असणार; त्याने झाकण काढून बाजूला ठेवलं, तेव्हा ही जाळीही बाजूला गेली, आणि उघड्यावर त्याला जेमतेम श्वास मिळत राहिला. घरी आणून झाकण लावलं की पुन्हा गळा दाबलेला. तिच्या डोक्यात सगळं खटाखट जुळलं. तिचा हात जड नव्हता. तिने काहीही दाबलं नव्हतं. तिला कळत होतं, पहिल्यापासून कळत होतं, की हा आजारी आहे. तिने वडिलांच्या वेळचा एक कडक ब्रश काढला, जुना टूथब्रश आणला, सुई आणली, आणि जाळीवरची, आतली ती राख खरवडू लागली. खरवडताना तिच्या तोंडून जे शब्द निघत होते ते तिने कधी माहेरीही ऐकले नव्हते.

झाकण लावून तिने बटण दाबलं. पंख्याचा आवाज पूर्वीसारखा आला, बारीक, गुळगुळीत. हत्ती आला. तो आला तसा राहिला. ती काही न करता बघत बसली, आणि तो राहिलाच. मग ती उठली. खरवडलेली राख तिने कागदावर घेतली होती, तो कागद उचलून ती बाहेर आली. बसवराज जागा होऊन ऋतुजाशी फोनवर बोलत होता, स्पीकर लावून, आणि काशम्मा शेजारी खुर्चीवर बसून ऐकत होती.

"अत्ती," दाक्षायणी सासूला म्हणाली.  "हे बघा. हे त्याच्या पोटातून निघालं. तुमची विभूती. दोन महिने माझा जीव खाल्ला हिने."

म्हातारीने कागदाकडे पाहिलं. मग स्वतःच्या तीन बोटांकडे. बसवराजला समजायला क्षणभर लागलं आणि मग तो असा हसला की सोफा हलला. "अगं ऋतू, ऐकलंस का! आपल्या अव्वानं कॉम्प्युटरला समाधी दिली! विभूती लावून लावून!" फोनमधून ऋतुजाचं खिदळणं आलं. "अज्जी, तू तर हॅकर निघालीस!" बसवराज डोळे पुसत होता. "सगळ्या बाळीवेशीत सांगतो बघ. अव्वा, माझ्याच दुकानातली विभूती, आणि माझ्याच घरात धंदा बंद!" तो हसत राहिला, पोरगी हसत राहिली, आणि दाक्षायणी कागद हातात धरून उभी राहिली. ती कशाची तरी वाट बघत होती. एकाने तरी म्हणायचं होतं, तुझी चूक नव्हती. एवढंच. तुझा हात जड नाही, आम्ही उगीच बोललो. कुणी म्हणेना. दोन महिने जे तिच्यावर फेकलं गेलं ते कुणी उचलून घेतलं नाही, त्याची सरळ गंमत झाली. उद्या दुकानात, परवा सोयऱ्यांत, पुढच्या दिवाळीत, ही गोष्ट सांगितली जाईल आणि त्यात दाक्षायणीचं नावसुद्धा नसेल. तिला वाटलं, हा कागद आत्ता त्या हसऱ्या तोंडावर उपडा करावा. तिने केला नाही. का केला नाही याचाही तिला राग आला. काशम्मा खुर्चीचा हात धरून उठली आणि हळूहळू स्वयंपाकघरात गेली. तिच्या पाठीमागे बसवराज अजून हसत होता, आणि त्या हसण्यात दाक्षायणीला पहिल्यांदा दिसलं की तिने म्हातारीला आणून यांच्यापुढे टाकलं होतं.

ती आत गेली. काशम्मा मोरीपाशी बोटं धूत होती. मग कोपऱ्यात जाऊन बसली आणि तिने शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं.

"रोज लावत होतात?" दाक्षायणीने विचारलं.

"आदी सोमवारी लावत होते. मग रोज."

"रोज कशाला? बंद पडतंय म्हणून? चालू व्हावं म्हणून?" हे विचारताना तिच्या आवाजातली धार थोडी उतरली होती. या घरात निदान एका माणसाला तरी तो आजारी वाटला होता, आणि त्या माणसाने आपल्याकडे होतं ते औषध लावलं होतं. राग तर होताच, पण त्याच्याखाली काहीतरी मऊ होऊ पाहत होतं.

"न्हाई," काशम्मा म्हणाली. तिने शेंग फोडली. "बंद पडावं म्हनून."

दाक्षायणीला वाटलं, म्हातारी कानडीत काहीतरी बोलली. पण ती मराठीत बोलली होती.

"काय?"

"पैल्यांदा सोमवारी लावली तवा काय मागितलं न्हवतं. चालतंय, घराला लागतंय, म्हनून लावली. मग ते एक दिस बंद पडलं. तू भायेर आलीस, लई बोललीस. तुज्या अप्पाचं सांगितलंस. तवापासून मागाया लागले. देवा मल्लय्या, बंद पडू दे, म्हटलं. रोज लावली. त्यानं ऐकलं की." तिच्या बोलण्यात लाज नव्हती, कसली खंतही नव्हती. भाजी महागली असं सांगावं तसं ती सांगत होती. "तू सकाळी आत जातीस, दार लावतीस. माजा बसू दुकानात. पोरगी फोन करती ती तुला न्हाईतर बसूला. माज्यासंगं कोन बोलतंय? ते बंद पडलं की तू येतीस. शिव्या देत येतीस, पन येतीस की."

"मी तुमच्याशी बोलत नव्हते, अत्ती. मी चिडत होते."

"ते बी चालतं मला," काशम्मा म्हणाली.

दाक्षायणीला तिचे खांदे धरून गदागदा हलवावेसे वाटले. तिच्या मांडीवर डोकं आपटावं असंही वाटलं. माझं सगळं गेलं असतं, हे तिला ओरडून सांगायचं होतं. तुमच्या बोलण्याच्या हौसेपायी माझा शेवटचा धनी गेला असता, मी पोत्यांच्या खोलीबाहेर पडले असते, तुमच्यासारखी, कोपऱ्यात. तुमच्यासारखी. तो शब्द तोंडाशी आला आणि तिथेच राहिला. राग गेला नव्हता. उलट इतका कधी आला नसेल. फक्त आता तो कुणावर काढायचा ते तिला कळेना, आणि रागाने भरलेलं माणूस असं रिकामं उभं राहू शकतं हे तिला माहीत नव्हतं. खोलीत तिचा फोन वाजायला लागला. मल्लेशमशेठ असणार.

"जा की," काशम्मा म्हणाली. "काम हाय न्हवं?"

ती गेली. सवयीने दार लावून घेतलं. शेठला म्हणाली, आत्ता देते, माणूस पाठवा. सोंड पुन्हा मुळापासून काढली, टोकाचं वळण हवं तसं आलं. मग तोच हत्ती चादरीच्या चारी कोपऱ्यांत उतरवला, चार हत्ती एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले. तिने सेव्ह केलं आणि ते एका दमात झालं. मल्लेशमचा माणूस खालच्या खाली पेन ड्राइव्ह घेऊन गेला, आणि शेठचा लगेच निरोप आला, मस्त झालंय, पुढचं पण तुम्हीच करायचं. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पडद्यासमोर बसून ती कितीतरी वेळ वाट पाहत राहिली, तो काळा व्हायची, पाय आपोआप बाहेर निघायची. पंखा बारीक आवाजात फिरत राहिला. दाराच्या पलीकडून शेंग फुटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही, मग आणखी एक. आता तो बंद पडणार नव्हता. बाहेर जायचं असेल तर तिला तो स्वतःच्या हाताने बंद करावा लागणार होता.